चौपट पेंटोग्राफ: देखाव्याची चित्रं मोठी करायच्या यंत्राच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

मंडळाची बैठक झाली. यंदाचा देखावा ठरला: विजेच्या लोकलची शंभर वर्षं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी, हार्बर मार्गावर, देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. १५०० व्होल्ट डीसीवर. शंभरी फेब्रुवारीतच उलटून गेली, पण गणपती २७ ऑगस्टला येणार, त्याला कोण काय करणार.

गाडीचं तोंड, त्यावरची पाटी, टपावरचा पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा), मागे व्हीटीचा घुमट अशी चित्रं ए-फोर कागदावर तयार आहेत. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर नववीतली एक मुलगी राहते, तिने काढलीत आणि झकास काढलीत. आता ती चौपट करून नालीदार पुठ्ठ्यावर उतरवायची, कापायची आणि रंगवायची. ए-फोर चौपट केला की बरोबर ए-झिरो होतो, ८४ बाय ११९ सेंटीमीटर. गिरगावातल्या चाळीच्या अंगणातला मंडप केवढा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. तेवढं पुरे.

मोठं कसं करायचं यावर बराच खल झाला. फ्लेक्स स्वस्त पडतो, खजिनदाराने दरही काढून आणला होता, पण फ्लेक्स लावायचा नाही असं गेल्या वर्षीच ठरलंय. थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदीच आहे. प्रोजेक्टर मिळेल, पण तो ठेवायला लांबी कुठून आणायची? मंडळाच्या ऑफिसची खोली दहा बाय दहा, त्यात कपाट आणि कॅरम. गॅलरी चार फूट रुंद. चौकटी पाडून चित्र मोठं करायचं आम्ही दरवर्षी करतो. सरळ रेघांना ते ठीक, पण अक्षरांची वळणं दरवर्षी सुजल्यासारखी येतात.

म्हणून पेंटोग्राफ करायचा. टपावरचा नाही, चित्रकाराचा. चार पट्ट्या, चार सांधे, एक खुंटी, एक पेन्सिल. तयार लाकडी पेंटोग्राफ स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, पण तो फूटभराच्या पट्ट्यांचा खेळणेवजा असतो, त्याने ए-झिरो निघत नाही.

१३ जुलै, रविवार

आकृती आखली. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी नीट लिहितो, पुढच्या सगळ्या नोंदींत हीच अक्षरं येतील.

ख म्हणजे खुंटी, ही फळीला पक्की. पहिली लांब पट्टी ख पासून निघते, २० सेंटीमीटरवर अ सांधा, ८० वर ब सांधा. दुसरी लांब पट्टी ब पासून निघते, २० वर क सांधा, ८० वर पेन्सिल, म्हणजे प. तिसरी पट्टी आखूड, अ पासून ट पर्यंत २०. चौथी क पासून ट पर्यंत ६०. तिसरी आणि चौथी जिथे भेटतात तिथे ट, म्हणजे मूळ चित्रावर फिरवायचं टोक.

मधला अ-ब-क-ट हा समांतरभुज चौकोन. समोरासमोरच्या बाजू ६०-६० आणि २०-२०. यंत्र कसंही उघडा-मिटा, हा चौकोन समांतरभुजच राहतो, आणि त्यामुळे ख, ट, प हे तीन बिंदू कायम एका रेषेत राहतात. ख पासून प जितका लांब, त्याच्या पाव अंतरावर ट, म्हणून ट जे गिरवतो ते प चौपट काढतो. बाकी सिद्धता शाळेच्या पुस्तकात आहे, इथे नको.

लाकूड: सागाची बीडिंग पट्टी, २५ बाय १२ मिलिमीटर, दहा फूट. २५० रुपये. बोल्ट ६ मिलिमीटरचे, घरात पडलेले होते तेच.

२० जुलै, रविवार

यंत्र जोडलं आणि पहिली चाचणी सपशेल फसली.

चाचणीसाठी चित्र घेऊ नका, चौरस घ्या. चित्र वाकडं आलं तरी डोळा समजून घेतो, चौरस लपवाछपवी करत नाही. कागदावर १० सेंटीमीटरचा चौरस काढला, ट त्यावरून फिरवला. मोठा चौरस ४० चा यायला हवा आणि दोन्ही कर्ण ५६.६. आल्या त्या बाजू ३९.८ पासून ४०.३ पर्यंत कशाही, आणि कर्ण ५६.१ व ५७.२. म्हणजे चौरस एका अंगाला कलला. फळीच्या दुसऱ्या कोपऱ्यात काढला तर वेगळ्याच अंगाला कलला.

आधी सगळ्यांनी पेन्सिलीला दोष दिला. मग खुंटीला. शेवटी त्या नववीतल्या मुलीने पट्ट्या सोडवायला लावल्या आणि भोकांची अंतरं एकमेकांवर ठेवून पाहिली. अ-ब आणि ट-क या दोन बाजू ६० च्या असायला हव्यात. एक होती ६०, दुसरी ६० आणि वर दोन मिलिमीटर. दोन्ही भोकं टेपने मापून, पेन्सिलीची खूण करून, हातात ड्रिल धरून पाडलेली. लाकडात ड्रिलचं पातं रेषांच्या अंगाने सरकतं, त्यात टेपचं हललेलं टोक.

दोन मिलिमीटरने काय होतं? क हा सांधा ब पासून फक्त २० सेंटीमीटरवर आहे आणि पेन्सिल ८० वर. क दोन मिलिमीटर ढकलला गेला की पेन्सिल आठ मिलिमीटर जाते, तेही सांधा काटकोनात असताना. यंत्र जास्त मिटलं किंवा जास्त उघडलं की याहून अधिक. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात वाकडेपणा निराळा.

दुसरी कटकट लाकडाची. जुलैच्या हवेत सांधे सकाळी फिरतात आणि संध्याकाळी आवळतात. भोकाभोवतीचं लाकूड फुगतं. एक मात्र खरं, लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे मापं हलत नाहीत. पण सांधा जड झाला की पट्टी वाकते आणि मग मापाला अर्थ उरत नाही. मेण लावून पाहिलं, दोन दिवस बरं चाललं.

लाकूड बाद. २५० रुपये आणि आठवडा गेला.

२६ जुलै, शनिवार

गुलालवाडीतून अॅल्युमिनियमची चपटी पट्टी आणली, २५ बाय ३ मिलिमीटर. टोकाचा वाढावा धरून अडीच-पावणेतीन मीटर लागते, वजन अर्धा किलोच्या आसपास, २२० रुपये. नागदेवी स्ट्रीटला बोल्ट, नट, नायलॉनचे वायसर मिळून १२० आणि ३ व ६ मिलिमीटरचे ड्रिल बिट ११० रुपये. दुकानदार बोल्ट वजनावर द्यायला बघतात, सुटे मागून घ्यावे लागतात.

बोल्ट घेताना पूर्ण आटे असलेले घेऊ नका. आट्यांच्या कडा अॅल्युमिनियम कुरतडतात आणि भोक मोठं होत जातं. अर्धे आटे असलेले मागा, ३० मिलिमीटर लांबीचे. त्यांचा वरचा बारा मिलिमीटरचा भाग गुळगुळीत असतो. दोन पट्ट्या मिळून सहाच मिलिमीटर होतात, उरलेल्या जागेत नायलॉनचे वायसर भरायचे. खाली नायलॉक नट, म्हणजे सैल ठेवला तरी आपोआप सुटत नाही.

२७ जुलै, रविवार

आजची नोंद नीट वाचा, यंत्राचा सगळा जीव इथे आहे.

आमच्या चाळीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी टेप बाजूला ठेवायला सांगितलं. म्हणाले, "माप कशाला घेतोस? जोडी लाव." दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून दोन शिकंज्यांत आवळल्या आणि दोन्हींना एकदमच भोकं पाडली. पहिली पट्टी आणि चौथी पट्टी एकत्र, त्यात ६० चं अंतर. मग दुसरी आणि तिसरी एकत्र, त्यात २० चं. आधी पंच मारून खळगी, मग ३ चं भोक, मग ६ चं. पहिलं भोक पाडलं की त्यात बोल्ट घालून ठेवायचा, म्हणजे दुसरं पाडताना पट्ट्या सरकत नाहीत.

नंतर मोजलं तर ६० च्या जागी ५९.७ आलं होतं. पण दोन्ही पट्ट्यांत ५९.७. समांतरभुज चौकोनाला तेवढंच लागतं. बाजू किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, समोरची तेवढीच हवी.

मग पेन्सिलीचं भोक. हे सगळ्यात शेवटी पाडायचं आणि मापून तर मुळीच नाही. यंत्र जोडून फळीवर ठेवलं, ख च्या मध्यातून ट च्या मध्यावरून दोरा ताणला आणि तो दुसऱ्या पट्टीच्या मधल्या रेघेला जिथे कापतो तिथे खूण केली. यंत्र थोडं मिटून पुन्हा दोरा ताणला. खूण तिथेच. आणखी उघडून पाहिलं, तिथेच. दोरा वेगवेगळ्या जागी कापत असेल तर भोकं पुन्हा पाडायची तयारी ठेवा, पुढे जाऊ नका.

आणखी एक तपासणी मुलीने सुचवली, वर्गात नुकतंच झालंय म्हणून. अ पासून क पर्यंत एक दोरा आणि ब पासून ट पर्यंत दुसरा. समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात, म्हणून प्रत्येक दोऱ्याच्या दोन अर्ध्यांची लांबी एकमेकांशी जुळली पाहिजे. जुळली. लाकडी यंत्रावर आठवड्यापूर्वी हे केलं असतं तर पाच मिनिटांत दोष सापडला असता.

 

चौरसाची चाचणी: बाजू ३९.८ ते ३९.९, कर्ण ५६.४ आणि ५६.४. खजिनदार म्हणाले, चौपट कुठे झालं, दीड मिलिमीटर कमी आहे. ३.९८ पट झालं. मंडपात कोण पट्टी घेऊन येणार आहे?

३ ऑगस्ट, रविवार

आज पाटीवरची अक्षरं उतरवायला घेतली. "कुर्ला" मधला र्ला दोनदा गिरवला तर दोन वेगळ्या जागी उमटला. आकार बरोबर, जागा निराळी. याचा अर्थ कुठेतरी ढिलाई.

शोधत बसण्यापेक्षा हिशेब सोपा आहे. ट जितका हलेल त्याच्या चौपट प हलतो. ख हलली तर प तिप्पट, उलट्या दिशेला. ख चं भोक आम्ही घाईत साडेसहाच्या बिटने पाडलं होतं. अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई, पेन्सिलीपाशी दीड मिलिमीटर. त्यात खुंटी फळीला शिकंज्याने धरलेली. दुपारी कोणीतरी चहाचा ट्रे ठेवताना शिकंज्याला धक्का दिला, त्यानंतरचं सगळं एका बाजूला सरकलेलं.

ख च्या जागी पट्टीचा दुसरा, न वापरलेला भाग घेऊन ६ चं भोक पाडायचा विचार होता, पण मग अंतर बदलतं आणि पेन्सिलीचं भोकही पुन्हा. त्याऐवजी त्याच भोकात पातळ पितळी नळीचा तुकडा ठोकून बसवला. खुंटी आता फळीला आरपार बोल्टने पक्की, खाली मोठा वायसर. फळी म्हणजे मंडळाचं जुनं १९ मिलिमीटरचं प्लाय, आठ बाय चार.

आमच्या चाळीच्या दाराला जुना जाळीचा सरकता दरवाजा आहे, त्याच्या चौकोनांचे रिव्हेट एवढे ढिले आहेत की हलवला की खळखळतो, तरी पन्नास वर्षं उघडतोय-मिटतोय. दरवाजाला ढिलाई चालते. चित्राला नाही.

९ आणि १० ऑगस्ट

राखीपौर्णिमेचा दिवस असूनही शनिवारी बरंच काम झालं, कारण बहिणी संध्याकाळी येणार होत्या.

गिरवण्याची पद्धत बदलली. सगळे आधी ट धरून चित्रावरून फिरवत होते, आणि हाताचं प्रत्येक थरथरणं चौपट होऊन पुठ्ठ्यावर उतरत होतं. उलट करा. हात पेन्सिलीवर ठेवा आणि नजर ट वर. पेन्सिलीकडे बघायचंच नाही, ट चित्राच्या रेषेवरून सरकतोय एवढं बघायचं. पहिली दहा मिनिटं डोकं गरगरतं, मग हात बसतो. लहान मुलांचा मोठ्यांपेक्षा लवकर बसतो.

पेन्सिल घट्ट बसवू नका. पुठ्ठा नालीदार, कुठे उंच कुठे खोल. घट्ट पेन्सिल उंचवट्यावर पट्टीच उचलते आणि सांधे पिळतात. पेन्सिल नळीत सैल ठेवून वर तीन-चार जड नट दोऱ्याने बांधले, आता ती स्वतःच्या वजनाने खालीवर होते. ६बी पेन्सिल घ्या, एचबी पुठ्ठ्यावर दिसत नाही.

अॅल्युमिनियमचा एक त्रास कोणी सांगितला नव्हता. पट्ट्या पुठ्ठ्यावर घासल्या की राखाडी डाग पडतात, आणि ते खोडरबराने जात नाहीत, पसरतात. घुमटाच्या पांढऱ्या भागावर एक लांब कमान उमटली, ब सांधा जिथून फिरला तिथली. ती आता ढग म्हणून रंगवली आहे. ब खाली आणि पेन्सिलीजवळ खुर्चीच्या पायांना लावायच्या फेल्टच्या गोल चकत्या चिकटवल्या, ४० रुपयांचं पाकीट. पट्ट्या उचलल्या गेल्या, डाग थांबले.

ए-फोर चित्र एका दमात बसत नाही. ट ख पासून १२ ते ३४ सेंटीमीटरपर्यंत नीट चालतो, त्याहून जवळ किंवा लांब गेलं की पट्ट्या फार मिटतात किंवा फार उघडतात. म्हणून चित्राचे दोन भाग, ए-फाइव्ह एवढे. कागद कापायचा नाही, सरकवायचा. दोन्ही भागांत येतील अशा तीन फुल्या मूळ चित्रावर काढल्या. पहिल्या भागाबरोबर त्या पुठ्ठ्यावर उतरल्या. मग कागद सरकवून चिकटवला, ट पहिल्या फुलीवर ठेवला आणि पेन्सिलीखाली मोठी फुली येईपर्यंत पुठ्ठा सरकवला, मग दुसरी, मग तिसरी. दोन फुल्यांवर भागतं असं वाटतं, पण तिसरी नसेल तर पुठ्ठा पालथा-उलटा धरलाय का तेही कळत नाही. आमच्याकडे ते घडलं.

सरळ रेघांसाठी यंत्र वापरू नका. डब्याच्या खिडक्या, रूळ, पाटीची चौकट, यांचे फक्त कोपरे टिंबांनी उतरवायचे आणि पट्टीने जोडायचे. यंत्राने ओढलेली सरळ रेघ कितीही जपलं तरी किंचित बाक धरते. वळणं आणि अक्षरं मात्र इतकी सुरेख येतात की चौकटीच्या पद्धतीकडे परत जाणार नाही.

मुलांनी विचारलंच, लोकलच्या टपावरच्या सांगाड्याला आणि याला एकच नाव कसं? हे नाव आधी या यंत्राचं. क्रिस्टोफ शायनर नावाच्या जर्मन जेझुइट पाद्र्याने १६०३ च्या सुमारास ते केलं, १६३१ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. विजेच्या गाड्या आल्यावर टपावरच्या सांधेदार दांड्या तशाच दिसल्या म्हणून नाव तिकडे गेलं. "पेंटाग्राफ तुटला" म्हणून अर्धा तास सँडहर्स्ट रोडला उभं राहिलेल्यांना ही माहिती फारशी उपयोगाची नाही. आता तारेत २५,००० व्होल्ट एसी असतो, टपावर चढून फोटो काढणाऱ्यांनी तो आकडा पाठ करावा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी ऑफिसात दोन पोरं एकटीच काम करत होती. फळीवर जागा नव्हती म्हणून त्यांनी मूळ कागद खुंटीपासून आणखी सहा सेंटीमीटर लांब सरकवला. लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला यंत्र ताणलं, ताणलं, आणि सगळ्या पट्ट्या एका सरळ रेषेत आल्या. परत मिटवताना टपावरच्या पेंटोग्राफचा उरलेला अर्धा भाग चेपलेला, आडवा-तिडवा आला. पोरांना वाटलं यंत्र मोडलं.

मोडलं काहीच नव्हतं. चारही सांधे एका रेषेत आले की चौकोन दोन रीतींनी मिटू शकतो. एक सरळ, समांतरभुज. दुसरी उलटी, ज्यात दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात. दुसऱ्या रीतीत बाजू तेवढ्याच, ६०-६० आणि २०-२०, समोरासमोर समानही, पण समांतर एकही जोडी नाही. ख, ट, प एका रेषेत राहत नाहीत आणि पेन्सिल मनाला येईल तिकडे जाते.

आमची नववीतली गणिती यावर बराच वेळ बसली होती. पुस्तकात लिहिलंय की समोरासमोरच्या बाजू समान असल्या की चौकोन समांतरभुज असतो, मग हे काय? शेवटी तिनेच सोडवलं. पुस्तकातल्या चौकोनाच्या बाजू एकमेकींना छेदत नाहीत, या छेदतात. "काका, पुस्तक बरोबर आहे, तुमचं यंत्र चुकलंय."

उपाय पाच मिनिटांचा. पहिल्या पट्टीवर ब जवळ एक छोटा स्क्रू उभा बसवला, दुसरी पट्टी साधारण १४० अंशांच्या पुढे उघडली की त्याला अडते. सगळ्या पट्ट्या सरळ रेषेत येण्याचा प्रश्नच मिटला. हा स्क्रू पहिल्या दिवशीच बसवा. आणि कागदाच्या जागेभोवती फळीवर मार्करने चौकट काढून ठेवा.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. ऑफिसात फक्त मी आणि डोकं दुखत असलेला एक गोविंदा. काम नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल-आज पाऊस असा की लोकल बंद पडल्या. शाळा बंद, त्यामुळे मनुष्यबळ भरपूर, पण पुठ्ठा ओलसर. दमट नालीदार पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघेऐवजी खोबण पडते आणि वरचा कागद सुटतो. घुमटाचा एक पुठ्ठा वाया गेला. बाकीचे पोटमाळ्यावर उभे करून खाली टेबलफॅन लावला. यंत्राला मात्र पावसाने काही झालं नाही. लाकडी असतं तर आज हललं नसतं.

रिकाम्या वेळात एक मोजमाप घेतलं. टपावरचा पेंटोग्राफ मूळ चित्रात समभुज चौकोनासारखा काढलाय, जुन्या गाड्यांच्या फोटोत असतो तसा, चारही बाजू ६.५ सेंटीमीटर. पुठ्ठ्यावर मोजल्या: २५.९, २५.९, २६, २५.८. पेन्सिलीच्या रेघेचीच जाडी मिलिमीटरभर आहे, त्यामुळे याहून बारीक मोजण्यात अर्थ नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

कापणं आणि रंगवणं संपलं. नालीदार पुठ्ठा कापताना कटरचं पातं दर दोन फुटांनी तोडा, बोथट पातं कडा फाडतं.

मंडपात गाडीचं तोंड उभं केल्यावर वरून डावीकडे झुकलेलं दिसलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चित्र सरळ होतं. मागे बांधलेली बांबूची चौकट कलली होती. चार बांबू, चार गाठी, समोरासमोरचे बांबू सारख्या लांबीचे, म्हणजे तोच अ-ब-क-ट, फक्त सहा फुटांचा. गाठी कितीही आवळा, चौकट कलणारच, कारण चार बाजू ठरल्या तरी कोन ठरत नाहीत. यंत्र याच गुणावर चालतं आणि मंडप याच गुणाने पडतो. कर्णावर एक तिरका बांबू बांधला. संपलं.

१४ सप्टेंबर, रविवार

अनंत चतुर्दशी ६ तारखेला झाली. आता हिशेब.

कामाला लागलेला खर्च ४९० रुपये: पट्टी २२०, बोल्ट-नट-वायसर १२०, ड्रिल बिट ११०, फेल्ट ४०. पितळी नळीचा तुकडा सुतारकाकांनी दिला, पैसे घेतले नाहीत. वाया गेलेला खर्च: सागाची पट्टी २५० आणि एक पुठ्ठा. वेळ सगळ्यात जास्त पहिल्या लाकडी यंत्रात गेला. आता पुन्हा करायचं तर एक शनिवार-रविवार पुरेल.

दुसऱ्या पटीसाठी करणाऱ्यांनी एवढंच बदलायचं. तिप्पट हवं असेल तर ८१ च्या पट्ट्या घ्या, ख-अ आणि ब-क २७ ठेवा, मग अ-ट २७ आणि क-ट ५४. दुप्पट हवं असेल तर ८० मध्ये ४०, चारही बाजू ४०, म्हणजे मधला चौकोन समभुजच होतो. दुपटीत चित्र आणि मोठं चित्र एकमेकांवर चढतात, म्हणून मूळ कागद लहान घ्या किंवा ख पासून लांब ठेवा. चित्र लहान करायचं असेल तर ट आणि प ची अदलाबदल करा, त्यात ढिलाईची चूकही तेवढ्याच पटीत कमी होते.

शेजारच्या वाडीतल्या मंडळाने नवरात्रासाठी यंत्र मागितलंय. देताना सांधे सोडवून, भोकांजवळ ख, अ, ब, क, ट, प अशी अक्षरं पंचने कोरून देतोय. नुसती मार्करने लिहिली होती ती घामाने पुसली गेली.